खेळ बनवायची सॉफ्टवेअर: मशीनवर कायमची ठेवावीत की वर्गणी भरून ऑनलाइन वापरावीत?

कोडेबाज (सोमवार, रात्री १०:४०)

आमचा पुण्यातला चौघांचा गट आहे. दोघं कर्वेनगरात, एक सिंहगड रोडला, एक निगडीला. मराठी शब्दकोड्यांचा टूडी खेळ करायचा आहे. आधी अँड्रॉइड, मग स्टीमवर (संगणकावरच्या खेळांचं ऑनलाइन दुकान) विंडोज, जमलं तर आयफोन.

एक पर्याय असा की सगळं मशीनवर बसवायचं: एकदाच पैसे देऊन किंवा मुक्त परवान्याचं. दुसरा म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं किंवा दरमहा वर्गणीचं इंजिन (खेळ बांधायचं मुख्य सॉफ्टवेअर), सोबत ऑनलाइन बिल्ड (प्रकल्पातून चालणारा खेळ तयार करणं) आणि ऑनलाइन चित्रसाधनं.

माझा कल पहिल्याकडे आहे. खेळ बाजारात गेल्यावर पाच वर्षांनी एखाद्या कोड्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारायची झाली, तर प्रकल्प उघडण्यासाठी चार जणांची वर्गणी पुन्हा भरायची वेळ येऊ नये. यात काय नजरेतून सुटतंय ते जाणकारांनी सांगावं.

डेक्कन_डिबगर (सोमवार, रात्री ११:१५)

यात तीन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. सॉफ्टवेअर कुठे चालतं, पैसे कसे द्यायचे, आणि प्रकल्प उघडताना कुणाची परवानगी लागते. ते सुटे केले की चित्र बदलतं.

युनिटी हे इंजिन तुमच्या मशीनवरच बसतं, पण परवाना सर्व्हरकडून सक्रिय होतो. २०१६ पर्यंत त्याचा कायमचा परवाना विकत मिळायचा, नंतर वर्गणी आली. म्हणजे ‘मशीनवर आहे म्हणून आपलं आहे’ हे तिथे लागू नाही. उलट कन्स्ट्रक्ट ३ हे इंजिन ब्राउझरमध्ये चालतं, पण एकदा लोड झालं की इंटरनेटशिवायही चालतं आणि प्रकल्पाची सीथ्रीपी फाइल तुमच्या डिस्कवर राहते. ती खरं तर झिप फाइल असते, उघडून चित्रं, आवाज, जेसन (माहितीच्या मजकूर फाइल) सगळं बाहेर काढता येतं. मात्र वर्गणी संपली की मोफत आवृत्तीच्या मर्यादा लागतात आणि मोठ्या प्रकल्पात बदल करणं अडतं.

गेममेकर हे इंजिन उलट्या दिशेने गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी वर्गणी सोडून साधारण १०० डॉलरचा एकरकमी व्यावसायिक परवाना आणला. कन्सोलसाठी (स्विचसारखी खेळायची यंत्रं) मात्र वर्गणी ठेवली. गोडो हे इंजिन एमआयटी या मुक्त परवान्याचं, २०१४ पासून सोर्स (मूळ कोड) खुला. त्यात परवानगी विचारणारा सर्व्हरच नाही.

तुमच्या पाच वर्षांच्या अटीला फक्त तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मुठाकाठ (सोमवार, रात्री ११:५०)

डेक्कन_डिबगर यांना अनुमोदन, फक्त चौथा प्रश्न जोडतो: अटी मागाहून बदलता येतात का?

१२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने ठरावीक मर्यादेनंतर प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं, आणि ते आधीच बाजारात असलेल्या खेळांनाही लागणार होतं. लोक खवळल्यावर दहा दिवसांत ‘ज्या आवृत्तीवर खेळ आहे त्याच आवृत्तीच्या अटी लागू’ असं आश्वासन आलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क पूर्ण रद्द झालं. शेवट बरा झाला, पण मधलं एक वर्ष छोट्या गटांना हिशेबच मांडता येत नव्हता.

म्हणून कुठलंही इंजिन घ्या, ज्या दिवशी आवृत्ती निवडाल त्या दिवशी त्या आवृत्तीचा परवाना पीडीएफ करून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवा. फोल्डरचं नाव तारखेसह. दोन मिनिटांचं काम आहे आणि वाद झाला तर तोच कागद उपयोगी पडतो.

घाटपायथा (मंगळवार, सकाळी ८:०५)

इथे सगळे एका बाजूने बोलत आहेत, म्हणून विरोध नोंदवतो.

अँड्रॉइडवर ‘जुनी आवृत्ती जपून ठेवली, पाच वर्षांनी उघडून बिल्ड केली’ हे होत नाही. प्ले स्टोअर दरवर्षी टार्गेट एपीआय (खेळ अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बांधलाय तो आकडा) वाढवतं. ३१ ऑगस्ट २०२४ पासून एपीआय ३४, ३१ ऑगस्ट २०२५ पासून एपीआय ३५. त्याच्या खालची अपडेट घेतलीच जात नाही. शिवाय १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या टार्गेटला १६ केबी मेमरी पेजची (मेमरी १६ केबीच्या तुकड्यांत वापरता येण्याची) अट आहे. २०२१ पासून नव्या खेळाला जुन्या प्रकारची एपीके फाइल चालत नाही, नव्या प्रकारची एएबी लागते. आयफोनला तर मॅक, एक्सकोड (ॲपलचं बिल्ड साधन) आणि दरवर्षी ९९ डॉलर.

एका अक्षराची चूक सुधारायला सगळी साखळी नवी करावी लागते. वर्गणीतलं इंजिन हे तुमच्यासाठी करून देतं. वर्गणीत तुम्ही सॉफ्टवेअर विकत घेत नसता, ही सततची डागडुजी विकत घेत असता. कोडेबाज, तुमच्या चौघांत हे काम करणारं कोण आहे?

बिल्डनंबर७ (मंगळवार, सकाळी ९:३०)

घाटपायथा यांचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण डागडुजीतला कुठला भाग कुणाच्या हातात आहे ते पाहू.

टार्गेट एपीआय हा बहुतेक वेळा ग्रेडलमधला (अँड्रॉइडचं बिल्ड साधन) आकडा असतो. गोडोमध्ये ‘अँड्रॉइड बिल्ड टेम्प्लेट’ प्रकल्पात बसवलं की एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये तो बदलता येतो. जोडीला नवं एसडीके (त्या त्या यंत्रासाठी खेळ बांधायची साधनं) प्लॅटफॉर्म उतरवावं लागतं. इंजिन आवृत्ती तीच ठेवून एक-दोन वर्षं असं निघतं. त्यानंतर ग्रेडल प्लगिन, जेडीके (जावाची साधनं) आणि एसडीके यांचं आपसात जमेनासं होतं. गोडो ४ ला जेडीके १७ लागतं. त्याहून जुनं ठेवलं तर बिल्ड सुरुवातीलाच थांबतं.

१६ केबीचं वेगळं आहे. तिथे आकडा बदलून भागत नाही, इंजिनची एसओ फाइल (इंजिनचा कंपाइल केलेला कोड) नव्याने बांधावी लागते. एनडीके (असा कोड बांधायचं अँड्रॉइडचं साधन) आर२८ पासून १६ केबी अलाइनमेंट आपोआप मिळते. सोर्स हातात असेल तर एससीकॉन्स या बिल्ड साधनाने टेम्प्लेट (एक्सपोर्टचे साचे) स्वतः बांधता येतात. नसेल तर कंपनीने त्या आवृत्तीसाठी दुरुस्ती दिली तरच. आणि एखादं जाहिरातीचं किंवा ॲनालिटिक्सचं प्लगिन जुनी एसओ घेऊन बसलं असेल, तर इंजिन कितीही नवं असो, प्ले कन्सोल (प्ले स्टोअरवर खेळ चढवायची गूगलची साइट) नाकारणारच. म्हणून प्लगिन कमीत कमी ठेवा. बहुतेक वेळा इंजिनपेक्षा प्लगिनच आधी मरतं.

थोडक्यात, दर वर्षी उन्हाळ्यात चार-पाच दिवस या कामासाठी राखून ठेवायचे. वर्गणी भरली तरी तेवढे दिवस जातातच, कारण इंजिनची नवी आवृत्ती घेतली की प्रकल्पही तिच्यावर हलवून तपासावा लागतो.

रेखाटन (मंगळवार, दुपारी १:१०)

मराठी खेळ आहे आणि देवनागरीबद्दल अजून कुणीच बोललं नाही! निवड इथेच होऊ शकते.

गोडो ३ मध्ये जोडाक्षरं नीट बसत नव्हती. मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० पासून हार्फबझ (जोडाक्षरं जुळवणारी लायब्ररी) आहे, त्यामुळे क्ष, त्र, रफार, ऱ्या सगळं फॉन्टप्रमाणे येतं. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या भागात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी सरकवायचं कामच होत नाही, ‘कि’ची वेलांटी क नंतर दिसते. जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीचे फॉन्ट लावून लोक चालवून नेतात, पण मग शब्द शोधणं आणि ताडून पाहणं मोडतं. शब्दकोड्याच्या खेळात तोच तर गाभा आहे. अनरीअल इंजिनमध्ये हार्फबझ आहे, पण शब्दकोड्यासाठी ते नको तेवढं मोठं आहे. ब्राउझरवाल्या साधनांत साधा मजकूर ब्राउझरच आखतो म्हणून बरोबर येतो. तिथेही स्प्राइट फॉन्ट (प्रत्येक अक्षराचं सुटं चित्र) वापरला की जोडाक्षरं तुटतात.

चाचणीसाठी ही ओळ टाकून पाहा: ‘क्षत्रिय, दऱ्या, शृंखला, वाङ्मय, र्‍हास, कर्तृत्व’. ज्या साधनात हे सगळं नीट दिसत नाही ते पहिल्याच दिवशी बाद.

शेडरवाला (मंगळवार, दुपारी २:००)

दिसणं झालं, आता मोजणं. ‘क्षत्रिय’ शब्दात कोड्याची घरं तीन: क्ष, त्रि, य. पण कोडपॉइंट (युनिकोडची सुटी चिन्हं) आठ. साध्या लांबीच्या फंक्शनने आठ घरं पडतात. युनिकोडच्या अक्षरगटाच्या नियमांत हलंताने जोडलेली देवनागरी व्यंजनं एकत्र ठेवायचा नियम १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ ला आला. म्हणून जुन्या लायब्ररीवर टाकलं तर क् आणि ष वेगळे पडतात. स्वतःचं फंक्शन लिहा: हलंतानंतर व्यंजन आलं की त्याच घरात घ्या, मात्रा, अनुस्वार, विसर्ग मागच्या घरात. वीस-पंचवीस ओळींत होतं.

‘दऱ्या’ दोन प्रकारे टंकला जातो: ऱ आणि हलंत, किंवा र, हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक. दिसायला दोन्ही सारखे, तुलना केली की वेगळे. शब्दसंग्रह आत घेतानाच सगळे एका रूपात आणा.

आणि हा शब्दसंग्रह इंजिनच्या आत ठेवू नका. साध्या यूटीएफ-८ सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली मजकूर फाइल) ठेवा: शब्द, घरं, संकेत, काठिण्य. उद्या इंजिन बदललं तरी हजारो कोडी जशीच्या तशी उचलता येतील. मालकीची खरी वस्तू ती आहे.

पौडफाटा (मंगळवार, दुपारी २:२०)

शेवटच्या वाक्याला +१.

रेखाटन (मंगळवार, दुपारी २:४५)

अवांतर: फॉन्टचा परवाना पाहा. वर्गणीतून मिळणाऱ्या फॉन्टला खेळात भरायची मुभा अनेकदा नसते. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे ओएफएल या मुक्त फॉन्ट परवान्याचे आहेत, खेळात भरून विकायला चालतात. फॉन्ट फाइलसोबत परवान्याची मजकूर फाइलही ठेवायची.

हिशेबनीस (मंगळवार, रात्री ९:००)

पैशाची बाजू. युनिटी प्रोचा दर जानेवारी २०२५ मध्ये माणशी वर्षाला २,२०० डॉलर झाला, चौघांचे ८,८००. तुम्हाला तो आत्ता लागणार नाही, कारण वर्षाची उलाढाल २ लाख डॉलरच्या आत असेपर्यंत युनिटीची पर्सनल आवृत्ती मोफत आहे. अनरीअल पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत काही घेत नाही, नंतर ५ टक्के. तेव्हा नुसत्या इंजिनच्या खर्चाची भीती बाळगू नका. खरा निचरा छोट्या छोट्या वर्गण्यांतून होतो: चित्रं, आवाज, बिल्ड मिनिटं, साठवण. प्रत्येकी किरकोळ, चौघांत मिळून चांगलीच रक्कम.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे आपोआप कापली जाणारी वर्गणी. रिझर्व्ह बँकेचे ई-मॅंडेटचे (पैसे आपोआप कापायची परवानगी) नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून आहेत. जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम ओटीपीशिवाय जाते, त्यावर दर वेळी ओटीपी. कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते. वार्षिक मोठी वर्गणी असेल आणि ओटीपीचा फोन गावाला गेलेल्या भागीदाराकडे असेल, तर हप्ता चुकतो आणि साधन बंद. कार्ड बदललं की मॅंडेट नव्याने. त्यामुळे वर्गणी एकाच कार्डावर, एकाच नंबरवर, आणि तारखा सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये.

जीएसटी: परदेशी सेवेवर १८ टक्के लागतो. नोंदणी असेल तर रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानेच) भरून पात्र असल्यास क्रेडिट घेता येतं. नसेल तर तो थेट खर्च. आयकरात वर्गणी त्या वर्षीचा खर्च धरली जाते. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर संगणकाच्या गटात जातं, घसारा ४० टक्के, आणि त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मा. सप्टेंबरच्या अखेरीच्या आत घेतलं तर फरक पडतो.

घाटपायथा (बुधवार, सकाळी ८:२०)

हिशेब पटला. पण मशीनवर ठेवण्याचा खर्चही लिहा ना कुणी. बॅकअप कोण घेणार, निगडीच्या मशीनवर गोडो ४.३ आणि कर्वेनगरात ४.४ असं झालं तर काय, डिस्क गेली तर काय. ब्राउझरच्या साधनात नवा माणूस दहा मिनिटांत कामाला लागतो.

मुठाकाठ (बुधवार, सकाळी १०:००)

लिहितो. आणि ब्राउझरचा धोकाही त्यातच, कारण तो कमी नाही. ब्राउझरच्या आतल्या साठवणीत ‘सेव्ह’ केलेला प्रकल्प साइट डेटा साफ केला की जातो. सफारी तर सात दिवस साइट वापरली नाही तर असा साठा स्वतःच पुसू शकतं. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये थेट डिस्कवरच्या फाइलवर सेव्ह करता येतं, फायरफॉक्समध्ये दर वेळी नवी प्रत डाउनलोड होते, आणि चौघांच्या डाउनलोड फोल्डरमध्ये चार वेगळ्या ‘शेवटच्या’ प्रती होतात. सीथ्रीपी एकसंध झिप असल्यामुळे गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) दोघांचे बदल जुळवता येत नाहीत. कन्स्ट्रक्ट घेतलंच तर फोल्डर प्रकल्प म्हणून सेव्ह करा.

आता मशीनवरचं, गोडो धरून. आवृत्ती सगळ्यांची एकच हवी, तर एडिटर प्रत्येकाने वेगळा उतरवू नये. एकाने उतरवायचा, एक्सपोर्ट टेम्प्लेट नेमकी त्याच आवृत्तीची (बिंदूनंतरचा आकडासुद्धा जुळायला हवा, नाहीतर एक्सपोर्टच होत नाही), आणि एडिटरशेजारी अंडरस्कोर-एससी-अंडरस्कोर नावाची रिकामी फाइल ठेवायची. मग सेटिंग आणि टेम्प्लेट त्याच फोल्डरात राहतात, विंडोजच्या युजर फोल्डरात विखुरत नाहीत. तो फोल्डर झिप करून चौघांना द्यायचा. नवा माणूस दहा मिनिटांत इथेही लागतो.

त्याच झिपमध्ये जेडीके, एसडीकेचे लागणारे भाग, आणि एक यशस्वी बिल्ड झाल्यानंतरचा ग्रेडलचा कॅशे फोल्डर. हा शेवटचा लोक विसरतात. ग्रेडल पहिल्या बिल्डला लायब्ररी नेटवरून आणतं. कॅशे असेल तर ‘ऑफलाइन’ पर्याय देऊन बिल्ड नेटशिवाय होतं. झिपचा एसएचए-२५६ (फाइल बिघडली का ते कळणारा आकडा) विंडोजच्या सर्टयुटिल या आज्ञेने काढून मजकूर फाइलमध्ये लिहा. दोन प्रती वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. कपाटात ठेवायची प्रत एसएसडीवर नको, वीज नसताना ती वर्षानुवर्षं डेटा धरून ठेवेलच असं नाही. वर्षातून एकदा डिस्क लावून तोच आकडा पुन्हा काढून जुळवायचा.

गिटमध्ये डॉट-गोडो फोल्डर टाकू नका, तो नव्याने तयार होतो. युनिटी असतं तर लायब्ररी फोल्डर तसाच वगळायचा आणि असेट्स, पॅकेजेस, प्रोजेक्टसेटिंग्ज एवढेच ठेवायचे. गिटहब १०० एमबीवरची फाइल घेत नाही, मूळ चित्रं मोठी असतील तर गिट एलएफएस (मोठ्या फाइलींसाठीची जोड).

डेक्कन_डिबगर (बुधवार, सकाळी ११:३५)

घरच्या जुन्या मशीनवर गिटीआ (स्वतःचा गिट सर्व्हर) चालवायचा विचार असेल तर आधी एक तपासा. घरगुती फायबरवर बऱ्याचदा सीजीनॅट (अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच आयपी पत्ता) असतं, राउटरमध्ये पोर्ट उघडूनही निगडीहून कर्वेनगरला पोचता येत नाही. राउटरमधला वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर सीजीनॅट समजा. मग टेलस्केल किंवा वायरगार्ड (मशीनं आपसात जोडणारं खासगी जाळं).

पौडफाटा (बुधवार, दुपारी १२:१५)

आणि गुरुवार! महावितरणची दुरुस्ती बहुतेक गुरुवारीच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर आणि शेडरचं (ग्राफिक्स कार्डवर चालणारा कोड) काम एकदम आलं की तो बसतो. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला १ केव्हीए घ्या. राउटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस वेगळा. पिनच्या वायरी तपकीर गल्लीत मिळतात, बहुतेक राउटरला ५.५ बाय २.१ मिमी चालते, पण जुना ॲडॅप्टर सोबत न्या.

शेडरवाला (बुधवार, दुपारी ४:४०)

चित्रांबद्दल. अडोबीने २०१३ मध्ये नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर नेल्या. पण टूडी शब्दखेळाला क्रिटा हे चित्रसाधन पुरतं. पिक्सेल चित्रं असतील तर असेप्राइट, साधारण २० डॉलर एकदाच. सोर्स खुला आहे, स्वतः कंपाइल करून स्वतःपुरतं वापरायला परवानगी आहे, वाटायला नाही. थ्रीडी लागलं तर ब्लेंडरची एलटीएस (जास्त काळ सांभाळली जाणारी) आवृत्ती घ्या, दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात. आवाजाला रीपर ६० डॉलर. सब्स्टन्स पेंटर (थ्रीडी वस्तू रंगवायचं साधन) लागलंच तर स्टीमवर त्या वर्षीची आवृत्ती एकरकमी मिळते.

मूळ फाइल कुठल्याही साधनाची असो, सोबत चित्रांच्या पीएनजी आणि आवाजाच्या वेव्ह फाइल काढून ठेवा.

घाटपायथा (बुधवार, सायंकाळी ६:३०)

एवढी शिस्त पाळणार असाल तर माझा विरोध मागे. फक्त कन्सोलचं स्वप्न असेल तर आत्ताच बोला. कन्सोल कंपन्यांची एसडीके गोपनीयतेच्या करारात असतात, म्हणून गोडोच्या खुल्या सोर्समध्ये ती येऊ शकत नाहीत. तिसऱ्या कंपनीकडून पोर्ट करून घ्यावं लागतं. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या कंपनीचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये आधी स्विचवर आला, तो अनरीअलमध्ये केलेला होता. तिथे इंजिनची निवड कन्सोलने ठरते.

कोडेबाज (बुधवार, रात्री १०:१०)

सगळ्यांचे मनापासून आभार. कन्सोल नाही. रेखाटन यांची ओळ तीन साधनांत टाकून पाहिली आणि गोडो ४ पक्कं केलं. चित्रांना क्रिटा, कोडी सीएसव्हीत, आवृत्ती गोठवून झिप. वर्गणी फक्त जिथे दुसरा मार्गच नाही तिथे.

एक राहिलं. कीस्टोअर (खेळावर सही करायच्या किल्लीची फाइल) कुणाकडे ठेवायचं? प्ले खात्याचे २५ डॉलर एकाच्या नावाने भरणार आहोत.

बिल्डनंबर७ (बुधवार, रात्री १०:५५)

प्लेमध्ये दोन किल्ल्या असतात. खेळावर अंतिम सही करणारी किल्ली प्ले ॲप साइनिंगमध्ये गूगलकडे राहते. तुमच्याकडची अपलोड किल्ली हरवली तर खातेदार प्ले कन्सोलमधून ती बदलून मागू शकतो. त्यामुळे खात्यात चौघांनाही वापरकर्ते म्हणून जोडा, पण खातेदाराचं ईमेल आणि दुहेरी पडताळणीचे राखीव कोड कागदावर छापून दोन घरांत ठेवा. कीस्टोअर गिटमध्ये नको. त्या झिपच्या डिस्कवर ठेवा, पासवर्ड वेगळ्या जागी. स्टीमसाठी वेगळे १०० डॉलर, विक्री १,००० डॉलरवर गेली की परत मिळतात.

खातं वैयक्तिक आणि नवं असेल तर आधी १२ जणांची बंद चाचणी सलग १४ दिवस लागते, मगच खेळ सगळ्यांसाठी खुला करायला अर्ज करता येतो. माणसं आत्ताच गोळा करायला घ्या. मधेच कुणी बाहेर पडलं आणि संख्या १२ च्या खाली गेली की मोजणी अडकते, म्हणून वीसेक जण धरा. माझं नाव पहिलं लिहा.

रेखाटन (बुधवार, रात्री ११:०५)

माझं दुसरं. फोन जुना आहे, अँड्रॉइड १० चा, चाचणीला बरा पडेल.